पॅप नॉर्मल, एचपीव्ही पॉझिटिव्ह

मंगळवार, रात्र

गर्भाशयाच्या तोंडावरचा बिघडलेला भाग काढायची लूप नावाची छोटी शस्त्रक्रिया झाली होती, तिच्यानंतरचा सहा महिन्यांचा रिपोर्ट आज आला. पॅप नॉर्मल, एचपीव्ही पॉझिटिव्ह. म्हणजे तिथल्या पेशी सध्या ठीक, पण गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर घडवू शकणारा एचपीव्ही विषाणू अजून मुक्कामाला आहे. डॉक्टर म्हणाल्या, घाबरायचं नाही, पण पुन्हा कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, करू.

मागच्या वेळी त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली होती. अॅसिटिक अॅसिडचा बोळा लावल्यावर पिशवीच्या तोंडाचा एक भाग बघता बघता पांढरा होत गेला, तोच संशयाचा. स्वतःच्या आतली जागा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. पुढे बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, सीआयएन ३ निघालं. कॅन्सर नव्हे, त्याच्या आधीची पायरी. मग लूप केलं, जागा बधिर करून विजेच्या बारीक तारेने तेवढा भाग काढला आणि संध्याकाळी मी घरी होते.

मावशीचं एकच पालुपद, "मुलं झालीत ना? मग पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल." आमच्याकडे बायकांच्या प्रत्येक दुखण्यावर हाच उपाय सांगतात, मला याचा खरंच राग येतो. पिशवी काढली तरी विषाणू योनीमार्गात राहू शकतो, तपासण्या टळत नाहीत. सीआयएन ३ नंतर किमान २५ वर्षं लक्ष ठेवायला सांगतात. ठेवीन.

सगळ्यात जास्त छळलं ते "कुठून आला?" या प्रश्नाने. ह्यांनी तो विचारला नाही, मीही नाही, पण कितीतरी रात्री तो आमच्या दोघांच्या मध्ये झोपला होता. शेवटी दोघं मिळून डॉक्टरांसमोर बसलो. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच, बहुतेकांचा दोनेक वर्षांत आपोआप जातो, काहींच्यात वर्षानुवर्षं गप्प राहतो. कोणाकडून, कधी आला हे सांगणारी तपासणीच नाही. परतताना रिक्षात ह्यांनी माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

माझं माहेर बार्शीजवळचं. तिथल्या कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, २००९ साली तो छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आमच्या भागातल्या, शेतात राबणाऱ्या बायकांनी जगाला हे दाखवून दिलं, आणि माझ्याच चुलत्या-मावश्यांनी अजून एकदाही तपासणी केलेली नाही. दिवाळीला गेले की एकेकीला धरून नेणार आहे.

लेक तेरा वर्षांची आहे. तिला एचपीव्हीची लस देऊन आणली, पुण्यात बनणारी सर्व्हाव्हॅक. तिने विचारलं, "आई, तूही घे ना, म्हणजे तुझा जाईल." असलेला विषाणू लसीने जात नाही, हे तिला सरळ सांगितलं. तिच्यापासून काही लपवायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

कॉल्पोस्कोपी पुढच्या गुरुवारी. पाळीची तारीख मोजून पाहिली, मध्ये येत नाही. ह्यांना रजा टाकायला सांगितलीय. या वेळी बाहेरच्या बाकावर बसायचं नाही, डॉक्टर हो म्हणाल्या तर आत यायचं.