सात सत्तेचाळीस

आमच्या घरात सकाळी कोणी 'आठ वाजले' असं म्हणत नाही, 'सात सत्तेचाळीस गेली का रे' असं विचारतात. वासिंदला राहायचं म्हणजे हे आलंच. गंमत म्हणजे ती गाडी आता सात सत्तेचाळीसला येतही नाही, मधल्या कुठल्याशा टाइमटेबलात चार-पाच मिनिटं इकडची तिकडे झाली, पण नाव पडलं ते पडलं, आईच्या तोंडी तेच आणि कुकरच्या शिट्ट्या पण त्याच हिशोबाने.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कल्याणला लाइन फुटते, एक फाटा कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे. इंडिकेटरवर कर्जतसाठी एस आणि कसाऱ्यासाठी एन. आम्ही एनवाले. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली आणि मग आम्ही, सीएसएमटीपासून साधारण ८० किलोमीटर. १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती ३४ किलोमीटरची आणि तिला २१ तोफांची सलामी होती म्हणे. आम्ही रोज त्याच्या दुपटीहून जास्त जातो, साधी बसायला जागा मिळाली तरी सलामी समजतो.

इंडिकेटरवर फास्ट लिहिलेलं असतं पण ते कल्याणपर्यंतचं, पुढे प्रत्येक स्टेशनवर थांबत थांबत जायचं. त्यात रूळ दोनच, त्यावरूनच नाशिककडच्या मेल, एक्स्प्रेस, मालगाड्या सगळं. 'तिसऱ्या लाइनचं काम चालू आहे' हे वाक्य तर आमच्याकडे नमस्कारासारखं वापरतात. त्यामुळे दादरला गाडी चुकली की माणूस इंडिकेटरकडे बघतो, आमच्याकडे चुकली की बाकाकडे बघतो, कोरडा आहे का ते.

मागच्या पावसाळ्यात माझी चुकली. चूक माझीच, छत्री विसरली म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत गेलो. पुलाच्या शेवटच्या चार पायऱ्यांवर असताना मागच्या केबिनमधून ती दोन वेळची बेल ऐकू आली, टिंग टिंग, म्हणजे संपलं, निघाली. गार्डने माझ्याकडे बघितलं. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, पण त्या बघण्यात काही फरक पडलेला नाही.

बाकावर एक आजी टाकळ्याच्या जुड्या बांधत बसल्या होत्या, शेजारी टोपली, केळीचं ओलं सोपट गुडघ्यावर. गर्दी गेली की आमचं स्टेशन एकदम रिकामं होतं, शेडच्या पत्र्यावरचा पाऊस आणि कुत्रं एवढंच उरतं. समोर माहुलीचा डोंगर अख्खा ढगात. "गेली?" त्यांनी विचारलं. गेली म्हटलं. "मंग धर हे," म्हणून सोपटाचं एक टोक माझ्या हातात दिलं. आता इस्त्रीच्या शर्टात नाही कसं म्हणणार, मी बसलो बांधत. सोपी वाटते जुडी, पण मुठीत किती पाला घ्यायचा त्याचा अंदाज लागतो आणि गाठ ओढताना देठं मोडायला नकोत, माझी तिसरी बघून त्या म्हणाल्या, "अरं सैल झाली, कल्यानपरेंत सुटंल ती."

मधे अनाउन्समेंट झाली, लांब उभे राहा, आणि एक एक्स्प्रेस अशी काय गेली की माझी ती छत्री, जिच्यासाठी एवढं रामायण झालं, उलटी होऊन दोन काड्या मोडल्या. आजी हसल्या नाहीत, फक्त टोपलीवर फडकं घट्ट ओढून घेतलं. मग एक मालगाडी, डबे मोजायला घेतले, तिशीनंतर चुकलो.

पुढची लोकल आली तेव्हा लगेजच्या डब्यात त्यांना टोपली चढवून दिली आणि मीही तिथेच चढलो, टोपली माझ्या हातात होती म्हणजे कायदेशीरच. आत दुधाच्या रिकाम्या किटल्या आणि ओल्या घोंगडीसारखा वास. कल्याणला उतरताना त्यांनी मी बांधलेल्या दोन सैल जुड्या मलाच दिल्या. पैसे घेतले, व्यवस्थित मोजून.

ऑफिसात दिवसभर बॅग खुर्चीखाली लपवून ठेवली. रात्री घरी आल्यावर डब्याबरोबर सुकलेला टाकळा ओट्यावर काढून ठेवला, आईने एक काडी उचलून बघितली आणि म्हणाली, "सात सत्तेचाळीस चुकली वाटतं."