चहाच

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

पाऊस नाही, वारा नाही. कुलर लावला तर अंग चिकचिकतं, बंद केला तर जीव जातो. सप्टेंबरातलं नागपूर म्हणजे धड पावसाळा नाही की उन्हाळा नाही. माझ्या डिग्रीसारखंच. मेजर कॉम्प्युटर सायन्स, मायनर मराठी वाङ्मय.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने ही जोडी कागदावर शक्य केली. कागदावरच, कारण आमच्या कॉलेजच्या टाइमटेबलला ते धोरण अजून कळलेलं नाही. बुधवारी प्रॅक्टिकल संपतं एक वाजता आणि मराठीचा तासही सुरू होतो एकलाच, तोही दुसऱ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. अर्ज केला होता. क्लार्कने तो वाचला, "दोनच पोट्ट्या आहेत अशा," म्हणाला आणि फाइलमध्ये ठेवून दिला. तेव्हापासून दर बुधवारी मी दहा मिनिटं उशिरा, घामाघूम, शेवटच्या बाकावर.

आज मात्र त्या धावपळीने मजा केली.

प्रॅक्टिकलला सीझर सायफर होता. प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवायचं, रोमन सेनापती असाच निरोप पाठवायचा वगैरे. धावत वर गेले तर मॅडम महानुभावांच्या सकळ लिपीबद्दल बोलत होत्या. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी पोथ्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिल्या, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण. सकळ ही त्यातली मुख्य, सुंदरी ही आणखी एक. पंथाबाहेरच्या कुणाला शतकानुशतकं त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी किल्ली शोधली तेव्हा ते कुलूप उघडलं. म्हाइंभटाने त्या पंथाचं लीळाचरित्र सिद्ध केलं ते ऋद्धिपूर तर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं. दहा मिनिटांच्या अंतराने मी एकच धडा दोनदा शिकले. खालच्यांना ऋद्धिपूर माहीत नव्हतं आणि वरच्यांना सीझरशी देणंघेणं नव्हतं. हसू आलं, पण सांगणार कुणाला? ती दुसरी पोट्टी आज आली नव्हती.

सीताबर्डीला मेट्रो बदलून घरी आले तर मामा बसलेले. "मराठी घेऊन मिहानच्या आयटी कंपन्यांत नोकरी देते का कोणी?" हे त्यांचं नेहमीचं. मी पोहे खाल्ले आणि उत्तर दिलं नाही. उत्तर नाहीच माझ्याकडे, खोटं कशाला लिहू.

मामा गेल्यावर आजीला सकळ लिपी समजावून सांगत होते, तर ती म्हणाली, "मंग थे आमच्या च च्या भाषेसारखंच झालं की वं."

आजी आणि तिची बहीण लहानपणी घरच्यांदेखत चच्या भाषेत बोलायच्या. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च ठेवायचा. "पैसे लपव" म्हणजे "चसेपै चपवल". तिच्या बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे. ऐंशीच्या घरातली ही बाई अजून ते इतकं सरसर बोलते की मला दोन शब्द मागे राहून ऐकावं लागतं.

म्हटलं, याचा प्रोग्राम दोन ओळींचा. पहिलं अक्षर उचल, मागे लाव, पुढे च. जेवणाआधीच लिहून टाकला. "मला" दिलं, "चलाम" आलं. आजीने मान डोलावली. "नागपूर" दिलं, "चागपूरन" आलं.

"चगपूरना," आजी म्हणाली.

"पाणी" दिलं तर "चाणीप". आजीचं "चणीपा". आणि "स्वयंपाक" दिल्यावर स्क्रीनवर "च्वयंपाकस" असं काहीतरी उमटलं तेव्हा आजीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. तिचं उत्तर तयार होतं, "चयंपाकस्व."

चूक कळायला वेळ लागला नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक लिपीतल्या खुणांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे, पण आपण ज्याला अक्षर म्हणतो ते तिथे एका घरात बसत नाही. "ना" म्हणजे दोन घरं, न वेगळा आणि काना वेगळा. "स्व" म्हणजे तीन, स, हलन्त आणि व. मी पहिलं घर उचललं, तर न मागे गेला आणि काना तिथेच राहून आयत्या आलेल्या च च्या गळ्यात पडला. "मला" बरोबर आलं कारण म ला काना नाही न वेलांटी नाही. मग उगाच "विदर्भ" उलटा करून पाहिला. "भ्रदिव"! वेलांटी व वरून उठून द वर बसली, भ च्या डोक्यावरचा रफार खाली पायाशी आला. आपला सगळा प्रांत असा उलटा टांगलेला पाहून आजी म्हणाली, "हे तं आधीपासूनच असं आहे."

आठवीत वर्ण आणि अक्षर यांतला फरक दोन मार्कांसाठी पाठ केला होता. वर्ण सुटा, अक्षर पूर्ण उच्चारलं जाणारं. तो फरक कशाला शिकायचा हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. डेटा स्ट्रक्चर्सच्या पुस्तकात सगळी उदाहरणं इंग्रजीत, तिथे एक अक्षर एक घर, प्रश्नच मिटला. आज पहिल्यांदा दोन्ही वह्या एकाच पलंगावर उघड्या पडल्या होत्या.

मग नीट शोधलं. घरं मोजायची नाहीत, गुच्छ मोजायचे, म्हणजे एका अक्षराची सगळी घरं मिळून एक, त्याचे नियम युनिकोडनेच ठरवून दिले आहेत. हे करणारी जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, माझ्या लॅपटॉपवर होती तिने "चगपूरना" बरोबर दिलं. मी उडीच मारली. पण स्वयंपाक? "चवयंपाकस्". जोडाक्षर फोडलंच. शोधता शोधता कळलं की देवनागरीची जोडाक्षरं एका गुच्छात धरायची हा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत 15.1 आवृत्तीत आला, म्हणजे सप्टेंबर 2023 मध्ये. माझी लायब्ररी त्याआधीची. मी दहावी होऊन गेल्यावर जो नियम आला, तो आजी फ्रॉकमध्ये असताना तिच्या जिभेवर होता. कुठल्या समितीने तिला विचारलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती, असं मी तिला म्हटलं. "मले कोण विचारते," म्हणत ती वाती वळत बसली.

लायब्ररी अपडेट करायला हॉटस्पॉटवर वीस मिनिटं गेली. मग चालवला. "चयंपाकस्व." "ज्ञानेश्वर" दिलं, "चनेश्वरज्ञा". आजीने एकेक शब्द टाकत माझी तोंडी परीक्षाच घेतली. स्त्री, त्र्यंबक, श्रीखंड, सगळी जोडाक्षरंच. प्रॅक्टिकलच्या सरांनी कधी इतके कसून टेस्ट केसेस दिले नव्हते.

उद्या मॅडमना दाखवणार आहे. सरांनाही. दोघांना एकाच वेळी दाखवायचं तर टाइमटेबल आडवं येतं, ते बघू. प्रोजेक्टसाठी सकळ लिपीची किल्ली घालून पाहायची आहे, फक्त किल्ली नीट अभ्यासून घ्यावी लागेल, पुस्तकांच्या लायब्ररीत बसून. ती दुसरी पोट्टी येते का विचारते.

शेवटी आजीला म्हटलं, आता सोपा एक दे, झोपायचं आहे. ती म्हणाली, "चहा."

टाइप केलं. च काढला, मागे लावला, पुढे च ठेवला.

"चहाच."

"तेच तं म्हणून राह्यली केव्हाची," आजी म्हणाली. "चहाच मांड."

सव्वाअकराला गॅस पेटवला. आई आतून ओरडली. ती च च्या भाषेत सांगत होती की साध्या मराठीत, हे मी विचारलं नाही.