बाबांचं किसान क्रेडिट कार्ड आणि नसलेला सातबारा

बाबांचं किसान क्रेडिट कार्ड हातात पडून महिना झाला, पण त्या बँकेसमोरून एसटी गेली की अजून माझं डोकं तापतं. म्हणून हे लिहिते आहे. आपल्या ढिवर समाजातल्या आणखी कुणाच्या चपला तिथे झिजू नयेत.

मी नागपुरात नंदनवनला राहते. आईबाबा रामटेक तालुक्यात, गावी. गावचा तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) मालकीचा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. त्यात उतरणारी माणसं आमचीच राहिली, फक्त आता मच्छीमार संस्थेच्या नावाने ठेका घ्यावा लागतो. बाबा संस्थेचे जुने सभासद. पावसाळा लागला की जाळ्याला सूत, डोंग्याची डागडुजी, बोटुकलीचा (तलावात सोडायच्या माशांच्या पिल्लांचा) वाटा, सगळ्यालाच नगदी पैसा लागतो. तो आजवर ठोक व्यापाऱ्याकडून यायचा. उचल त्याची, म्हणून मासोळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावात आणि त्याच्याच काट्यावर. नागपूरच्या इतवारी बाजारात रोहू-कटला काय भावाने विकला जातो ते मी बाबांना फोनवर सांगायची. ते नुसतं "हो" म्हणायचे.

मच्छीमारांना हे कार्ड 2018-19 पासून मिळतं. मत्स्यव्यवसायासाठी 2 लाखांपर्यंत सवलतीचं कर्ज, आणि वेळेवर फेडलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं. व्यापाऱ्याच्या उचलीपुढे हे किती मोठं आहे ते आमच्या घरात कुणाला समजवायला लागलं नाही. आधार, फोटो, ऑनलाइन नोंदणी, सगळं एका आठवड्यात झालं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही अर्ज घेऊन बँकेत गेलो.

खिडकीवरच्या साहेबांनी अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाले, "काका, सातबारा?"

बाबा म्हणाले, शेती नाही, आम्ही मासे धरतो. "मग आठ-अ आणा." तेही नाही म्हटल्यावर त्यांनी अर्जातल्या 'गट क्रमांक' आणि 'क्षेत्र' या दोन रकान्यांवर पेन्सिलीने गोल केले आणि अर्ज परत सरकवला. अपूर्ण. बाहेर निंबाखाली बाबा तो कागद बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "पोरी, पान्याचा सातबारा कोन देईन व आपल्याले?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या खेपेला संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र नेलं. आता प्रश्न आला, तलाव तुमच्या नावावर आहे का? ठेका संस्थेचा असतो, एकेका माणसाचा नसतो, हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला म्हणे शेती असलेला जामीनदार आणा. म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही त्याने जमीनवाल्याच्या दारात जायचं! 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेती आणि शेतीपूरक कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्या दिवशी मला तो माहीत नव्हता, याचा आजही राग येतो. चौथ्या खेपेला साहेब रजेवर. दर खेपेला बाबांचा दिवस बुडायचा, माझी अर्धी रजा जायची. तिकडे पाऊस लागला होता, तलाव भरत होता, आणि व्यापाऱ्याचा माणूस घरी दोनदा चक्कर मारून गेला होता.

वाट सापडली ती मत्स्यव्यवसाय कार्यालयात. तिथल्या एका ताईंनी पाचच मिनिटांत सांगितलं की नियमात तलाव स्वतःचा "किंवा ठेक्याने घेतलेला" असं आहे, आणि संस्थेचा ठेका असेल तर सभासदत्व सिद्ध करा. मग आम्ही ठेक्याच्या करारनाम्याची प्रत, बाबांची शेअरची पावती, सभासद यादीतलं नाव आणि "सदर सभासद या तलावात प्रत्यक्ष मासेमारी करतात" असा संस्थेचा ठराव, हे सगळं एका फाईलला लावलं. वरती बँकांना आलेलं परिपत्रक, त्या ओळीखाली लाल रेघ मारून. या वेळी खिडकीवर थांबलेच नाही, थेट शाखा व्यवस्थापकांकडे गेले आणि पोच मागितली. शिक्का असलेली पोच हातात आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता होईल. पोळ्याच्या तीन दिवस आधी 60 हजार मंजूर झाले.

पोच पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. तोंडी नकाराला काही अर्थ नसतो, आणि तारखेचा कागद असला तरच पुढे तक्रार करता येते. आधी बँकेकडे लेखी, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला पैसे लागत नाहीत. जिल्ह्यातल्या बँकांच्या कर्जकामाचा मेळ घालणाऱ्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांनाही एक प्रत द्या. ठरावावर संस्थेचा गोल शिक्का आणि जावक क्रमांक दोन्ही लागतात, आम्हाला एकासाठी पुन्हा गावी जावं लागलं. आणि नोंदणीला जाण्याच्या आदल्या दिवशी जाळं ओढू नका. सुताने बाबांच्या बोटांच्या पेरांवर चरे पडले होते, मशीन अंगठा घेईना, शेवटी अनामिकेवर जमलं.

या वर्षी व्यापाऱ्याची उचल घेतली नाही. पहिली मोठी खेप बाबांनी स्वतः नागपूरला आणली, आणि काट्याजवळ ते स्वतः उभे राहिले.

अजून एक गोष्ट मनात आहे. 2020 ला आलेल्या मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना 60 टक्के अनुदान, बाकीच्यांना 40. ढिवर भटक्या जमाती (ब) मध्ये येतात, म्हणून बाबा 40 मध्ये. पिढ्यानपिढ्या पाण्यावर जगलेल्या समाजाला हे कसं रास्त म्हणायचं? पण आई 60 मध्ये बसते. जाळं तीच शिवते, डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासोळी तीच विकते, आणि संस्थेच्या सभासद यादीत तिचं नावच नाही. तिचा सभासदत्वाचा अर्ज मी आणून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात संस्थेची सभा आहे, फोटो तेवढा काढायचा राहिला आहे.