जळगाव ते नेरूळ, वर्ल्ड कपची फायनल आणि 17,024 चं बिल

जळगाव-भुसावळकडून नवी मुंबईत नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमला गाडी करून मॅच बघायला जाणार असाल तर हे आधी वाचा. ट्रॅव्हल्सवाला फोनवर म्हणाला होता "सगळं धरून तेरा-साडेतेरा हजार, काही टेन्शन नका घेऊ भो" आणि सोमवारी दुपारी व्हॉट्सॲपवर बिल आलं 17,024 चं, खाली हात जोडलेले आणि पुन्हा सेवेची संधी द्या. रात्रभर झोप नव्हती, डोळे चुरचुरत होते आणि त्यात हे. त्यामुळे खाली कुठे तिखट वाटलं तर वाटू द्या.

गाडी का केली ते सांगतो, कारण रेल्वे असताना गाडी कशाला हे घरातल्यांपासून सगळ्यांनी विचारून झालंय. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल होती 30 ऑक्टोबर 2022, रविवार. 24 ला लक्ष्मीपूजन, 26 ला भाऊबीज, म्हणजे अख्ख्या खान्देशातली नोकरीवाली पोरं मुंबई-पुण्याला परत जायचा नेमका तो शनिवार-रविवार. त्यात छठ पण त्याच दिवशी, भुसावळवरून जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. आधी बुकिंग करून ठेवायचं तर ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या फेडरेशनला सस्पेंड केलेलं, स्पर्धाच जाते का राहते अशी गत होती, महिना संपता संपता सस्पेन्शन उठलं. आणि फायनल रात्री आठची. संपून, कप देऊन होईपर्यंत साडेदहा, मग नेरूळहून लोकलने ठाणे, आणि ठाण्याला मध्यरात्रीनंतरची एखादी जनरल डब्यात लोंबकळत. आमची पोरगी, तिच्या टीममधल्या दोन मैत्रिणी, त्यातल्या एकीची आई, बायको आणि मी, एवढी वरात घेऊन ते जमणारं नव्हतं. तर सात सीटर ठरवली, 13 रुपये किलोमीटर.

आता बिल. जळगाव ते नेरूळ धुळे-नाशिक-कसारा मार्गे साधारण 415 किलोमीटर, जाऊन-येऊन 830. बिलात किलोमीटर होते 948. मी म्हटलं हे वरचे 118 कुठून आले, आम्ही काय पनवेलला फिरायला गेलो होतो का. तर उत्तर आलं, गाडी भुसावळची आहे, गॅरेज टू गॅरेज धरतो, त्याचे 50. हे बुकिंगच्या वेळी एका शब्दाने बोलला नव्हता, तेव्हा आपली गाडी म्हणजे जणू जळगावात आमच्या दारातच उभी असते असं चाललं होतं. आणि उरलेले 68? ते ड्रायव्हरने आम्ही मॅच बघत असताना केले. आम्हाला सोडून हा पठ्ठ्या कल्याणला पाहुण्यांकडे जाऊन आला, जेवून वगैरे, आणि ते किलोमीटर आमच्या माथी. मला कळलं कारण मी स्टेडियमपाशी उतरताना मीटरचा फोटो काढला होता आणि रात्री बसताना परत काढला. हे फोटो काढाच, निघताना, उतरताना, बसताना, घरी पोहोचल्यावर. ड्रायव्हरसमोर काढा, लपून नको.

दुसरी गंमत दिवसांची. आम्ही शनिवारी रात्री अकराला निघालो, सोमवारी सकाळी घरी. माझ्या हिशोबाने दीड दिवस सुद्धा नाही. पण गाडीवाल्यांचा दिवस रात्री बाराला बदलतो, त्यामुळे शनिवारचा तो एक तास म्हणजे एक पूर्ण दिवस, सोमवारची पहाट म्हणजे अजून एक. झाले तीन दिवस, ड्रायव्हरचे तीन भत्ते 500 प्रमाणे, वर दोन रात्रींचा नाईट चार्ज 300 प्रमाणे. किलोमीटर कमी झाले असते तर दिवसाला किमान 300 किलोमीटरच्या ॲव्हरेजने 900 किलोमीटरचे पैसे तसेही घेतलेच असते, ते मला त्याने वर ऐकवलं. म्हणून रात्री निघायचंच असेल तर सरळ बारा वाजून पाच मिनिटांनी निघा. एका तासाने काही बिघडत नाही, 500 वाचतात. आणि ॲव्हरेज दिवसावर धरणार का चोवीस तासावर हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं फोनवरच राहतं.

तिसरं, टोल. बिलात "टोल व पार्किंग 2,600" असा गोल आकडा. आता टोल काही कोणी हातात पावती घेऊन भरत नाही, फास्टॅगमधून कटतो, गाडीमालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो, आपल्याला काहीच कळत नाही. मी मेसेज मागितले. आधी म्हणे मोबाइल भावाकडे आहे, मग म्हणे डिलीट झाले, मग संध्याकाळी स्क्रीनशॉट आले आणि सगळे टोल मिळून बेरीज होती तेराशेच्या आत. म्हणजे जवळपास दुप्पट लावला होता! शिवाय एकाच टोलनाक्यावरून चोवीस तासांत परत आलं तर जाऊन-येऊन दीडपटच कटतो. आम्हाला घोटी आणि पडघ्याला ती सूट बसली, चांदवड-पिंपळगावला थोडक्यात हुकली कारण तोवर चोवीस तास उलटून गेले होते. ती सूट पण ह्याने स्वतःच्या खिशात घातली होती. पार्किंगचे तर शून्य रुपये, गाडी कल्याणला होती ना.

दोन दिवस मेसेजामेसेजी करून शेवटी चौदा हजारावर तुटलं. कल्याणचे किलोमीटर गेले, एक भत्ता गेला, नाईट चार्ज गेला, भुसावळचे 50 मात्र मी दिले, ड्रायव्हर पोरगं परत येताना भुसावळपर्यंत एकटं जाणार होतं म्हणून. पण तुम्ही देऊ नका, तुम्ही आधीच जळगावातली गाडी बघा.

बुकिंगच्या वेळची अजून एक गोष्ट. शनिवारी रात्री पहिल्यांदा दारात आली ती पांढऱ्या पाटीची गाडी, म्हणजे प्रायव्हेट. "साहेब आपलीच आहे, कोणी विचारलं तर पाहुणे सांगा." दुसऱ्याच्या पोरी सोबत घेऊन मी कोणाचा पाहुणा बनणार? प्रायव्हेट गाडी भाड्याने चालवली आणि काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. साफ नाही म्हटलं, तासाभरात पिवळ्या पाटीची आली, म्हणजे होती त्याच्याकडे. आमचं दहाचं निघणं अकराला गेलं ते ह्याच्यामुळे. पिवळी पाटी नसेल तर बसू नका. विषय संपला.

आणि सीएनजी आहे का ते विचारा. आमची होती. डिकीत सिलेंडर, बॅगा मांडीवर, मागच्या सीटवर पोरी होत्या म्हणून निभावलं, मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतील. शिवाय नाशिकला पंपावर पहाटे चारला सुद्धा रांग, पाऊण तास तिथे गेला.

आता रस्ता. जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे काय आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, आपण सगळे त्याच रस्त्यावर म्हातारे झालो. धुळ्यानंतर नाशिकपर्यंत झकास. कसाराही पहाटे रिकामा होता. जाताना एवढंच.

खरा राग परतीचा आहे. खारेगाव ते वडपे, भिवंडी बायपासचा तो पट्टा. अंतर बघाल तर वीस-पंचवीस किलोमीटर. आम्हाला तिथे दोन तासांवर लागले, मध्यरात्री! माझा अंदाज होता की रविवारची गर्दी मुंबईकडे येणारी, आपण उलटे जाणार, रस्ता मोकळा. पण ठाण्यात दिवसा अवजड गाड्यांना ठरावीक वेळ बंदी असते, ते सगळे कंटेनर-ट्रेलर रात्री सुटतात, आणि त्याच पट्ट्यात तेव्हा रुंदीकरणाचं काम चालू, पावसाळ्यातले खड्डे तसेच, डायव्हर्जनला ना दिवा ना बोर्ड, एका बाजूला सिमेंटचे ब्लॉक आणि दुसऱ्या बाजूला अठरा चाकी. मानकोलीजवळ तर अर्धा तास इंजिन बंद करून बसलो होतो. मागच्या सीटवर एका पोरीला उलटी झाली. पिशवी ठेवा जवळ, लिहून ठेवतो, पिशवी ठेवा. गुगल मॅप तिथे लाल दाखवायच्या पलीकडे काही कामाचा नाही, आणि पर्याय म्हणून भिवंडी गावातून घालायचा प्रयत्न ड्रायव्हरने केला तर त्याला थांबवा, आमच्याने तो दहा मिनिटांत परत मागे फिरवला.

माझं स्पष्ट मत, मॅच साडेदहाला संपत असेल तर रात्री निघूच नका. नवी मुंबईत कोणाकडे पण पडून राहा, आपले लोक घणसोली-कोपरखैरणे-कल्याण सगळीकडे आहेत, आणि पहाटे चारला निघा. भत्ता पण जास्त जात नाही, सोमवार तसाही धरलेलाच असतो. कारण त्या पट्ट्यातून सुटल्यावर ड्रायव्हर थकलेला असतो आणि पुढे अजून साडेतीनशेच्या वर किलोमीटर असतात. आमचा ड्रायव्हर शनिवारी दिवसा सुरतची ट्रिप मारून थेट आमच्याकडे आला होता, हे कळलं केव्हा तर परतीला चांदवडजवळ राहुड घाटात, जेव्हा गाडी पांढऱ्या पट्ट्यावर जायला लागली. मी पुढे बसलो होतो म्हणून. तिथेच पुढे ढाब्यावर उतरवलं, चहा पाजला, अर्धा तास खाटेवर झोपवलं, मग पुढे. आणि मॅचच्या वेळी झोपायचं तेव्हा हे महाशय कल्याणला जेवत होते. म्हणून ठरवतानाच सांगा, मॅच चालू असताना गाडी एका जागी लावून झोपायचं, बाहेर जायचं नाही. आदल्या दिवशी कुठली ट्रिप होती ते पण ड्रायव्हरलाच विचारा, मालक खोटं सांगतो.

स्टेडियमचं थोडक्यात. गाडी गेटपर्यंत जात नाही, अलीकडे उतरून चालायचं. पाण्याची बाटली, पॉवर बँक, असलं काही आत जात नाही, ते सगळं गाडीतच ठेवा. पण गाडी कल्याणला गेली की तुमचा पॉवर बँकही कल्याणला जातो हे लक्षात असू द्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आम्ही बाहेरच गाडीत बसून संपवली, आत खायला मिळतं ते महाग आणि गार. छपराला मधे कुठे खांब नाहीत त्यामुळे सगळीकडून दिसतं, महागाच्या तिकिटाला पैसे घालू नका. मॅच सुटल्यावर सगळे एकदम फोन लावतात आणि कोणाचाच लागत नाही, तेव्हा ड्रायव्हरला भेटायची जागा उतरतानाच ठरवा आणि ती गेटसमोरची नको, थोडी पुढची, जिथे गाडी दोन मिनिटं थांबू शकते. आम्ही पाऊण तास फुटपाथवर होतो.

मॅच. साडेचारला तिसऱ्या नंबरसाठी नायजेरिया-जर्मनी, 3-3, मग पेनल्टीवर नायजेरिया. ही मॅच सोडू नका, संध्याकाळी आरामात जाऊ म्हणणाऱ्यांनी दिवसातली बेस्ट मॅच घालवली. फायनलला स्पेन आणि कोलंबिया, गटातही कोलंबिया स्पेनकडून हरलेलीच होती. 82 व्या मिनिटापर्यंत 0-0, आणि मग कोलंबियाच्याच पोरीकडून स्वयंगोल, 1-0, स्पेनकडे सलग दुसऱ्यांदा कप. आपल्या पोरी भुवनेश्वरला अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन आणि ब्राझीलकडून पाच गोल खाऊन घरी गेल्या होत्या, तरी स्टँडमध्ये इंडिया इंडिया चालूच होतं. आमच्या पोरी कोलंबियाच्या लिंडा कैसेडोवर फिदा, बॉल तिच्याकडे आला की तिघी उभ्या. मला विचाराल तर तो स्वयंगोल बघून पोट ढवळलं, एवढा खेळ करून असं हरणं.

दिवसभर कोपरखैरण्याला मेव्हण्याकडे होतो, छान गेला दिवस, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता जायचं का? पाच-सहा जण असाल, त्यात बायका-पोरं असतील आणि मॅच रात्रीची असेल तर गाडीच करा, चौदा हजार सहा जणांत फार नाही. दोघं-तिघं असाल तर गाडीच्या भानगडीत पडू नका, सणवार सोडून रेल्वेने ठाण्याला उतरा, ठाण्याहून नेरूळची थेट लोकल आहे, आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळचं काढा. स्वतःची गाडी असेल तर एकट्याने चालवून एका रात्रीत परत यायचं डोक्यातून काढा, दुसरा चालवणारा सोबत असेल तरच. आणि ट्रॅव्हल्सवाल्याचा नंबर मागू नका, देणार नाही. ड्रायव्हर पोरगं मात्र वाईट नव्हतं, झोपलेलं असतं तर चांगलं चालवलं असतं.