मशीनने आधी माझा स्वेटर ओळखला

पहिला रिपोर्ट जानेवारी २०१८ मध्ये आला. मी द्राक्षाची पानं वाटून त्यातली प्रथिनं पाठवली होती. एक्सेलच्या फाइलीत पहिल्या ओळीला माणसाचं केराटिन. दुसऱ्या ओळीलाही माणसाचंच, फक्त नंबर वेगळा. पाचव्या ओळीपर्यंत हेच. आठव्या ओळीत मेंढी निघाली.

मुंबईच्या ज्या संस्थेत प्रथिनं ओळखणारं मशीन, मास स्पेक्ट्रोमीटर, होतं, तिथल्या ऑपरेटर मॅडमना फोन लावला. त्या हसल्या नाहीत. एवढंच विचारलं, "लॅबमध्ये लोकरीचा स्वेटर घालता का?"

घालत होते. निफाडचा पारा उतरला की बातमी होते, आणि त्या आठवड्यात नाशिकही काकडलं होतं. आईने विणलेला मरून स्वेटर, आणि त्याची बाही दिवसभर ट्यूबच्या उघड्या तोंडांवरून फिरत होती. केस, कातडी, नखं, लोकर, सगळं केराटिनच. मास स्पेक्ट्रोमीटरला प्रथिनाचा इतका बारीक कण पुरतो, की हातमोजे घालून चुकून गाल खाजवला तरी तो नोंद घेतो. द्राक्ष बाविसाव्या ओळीपासून सुरू झालं होतं. त्या नमुन्यांसाठी चार महिने गेले होते.

मी नाशिकच्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. नोकरी सांभाळून २०१६ मध्ये पीएच.डी.ला नाव नोंदवलं. पेट ही प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, त्यावर काय लिहायचं. विषय मात्र घरचा घेतला. निफाड तालुक्यात आमची अडीच एकर थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग आहे. डावणी हा द्राक्षावरचा रोग म्हणजे काय हे मला बारावीच्या जीवशास्त्राच्या कितीतरी आधी कळलं होतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की पानावर तेलकट डाग दिसतो, पान उलटं केलं की खाली पांढरी लव, आणि घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

डावणी लागली की वेल काही प्रथिनं वाढवते. त्यातलं एक पीआर-१०. लहानसं, १७ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनांच्या वजनाचं माप) आसपासचं, पेशीच्या आत राहणारं. रोग आल्यावर ते वाढतं हे पक्कं. नेमकं काय करतं यावर वाद. मी विचारायचं ठरवलं की ते कोणाच्या संगतीत असतं. प्रथिनं एकेकटी फार कमी कामं करतात. कोण कोणाला धरून आहे हे कळलं की कामाचा अंदाज येतो. गावात माणसांबद्दलही असाच अंदाज बांधतात, आणि तो कसा चुकतो हे मला माहीत असायला हवं होतं.

निरोगी पानं मिळायला अडचण नव्हती. रोगट पानांसाठी आप्पांकडे जावं लागलं.

"आप्पा, एक ओळ फवारू नका."

"म्हणजे रोग पाळायचा म्हणतेस?"

पंधरा दिवस विषय बंद. मग एके दिवशी आईकडून निरोप आला की बांधाकडच्या कोपऱ्यातल्या चार वेली तुझ्या, पण तिथून पुढे डावणी सरकली तर तुझी पीएच.डी. मी करीन. त्या चार वेलींना आप्पांनी मधे ताडपत्रीचा आडोसाही केला.

पान तोडलं की त्यातली प्रथिनं लगेच बदलायला लागतात, म्हणून ते जागच्या जागी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, टाकावं लागतं. कॉलेजातून निफाडपर्यंत नायट्रोजन न्यायची सोय नव्हती. तो मिळाला गायींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव फिरणाऱ्या एका डॉक्टरांकडे. त्यांचं कॅन त्यावरच चालतं. पहाटे मोटरसायकलवर येऊन ते माझ्या थर्मासमध्ये दोन लिटर ओतून द्यायचे आणि दर वेळी विचारायचे, "वेल गाभण राहिली का?"

पान वाटणं हे वेगळंच प्रकरण. द्राक्षाच्या पानात टॅनिन इतकं, की खलातली हिरवी पूड बफरच्या द्रावणात पडली की पाच मिनिटांत चहाचा रंग येतो आणि प्रथिनं टॅनिनला चिकटून खाली बसतात. पीव्हीपीपी नावाची पांढरी भुकटी घातली की ती टॅनिन ओढून घेते. किती घालायची ते कागदावर लिहिलेलं असतं, पण मला ते रंग बघूनच जमलं.

आता गळ टाकायचा. पीआर-१० जीवाणूत तयार करून घेतलं आणि त्याला जीएसटी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची शेपटी जोडली. ही शेपटी मूळची शिस्टोसोमा नावाच्या परजीवी कृमीची, २६ किलोडाल्टनची. ग्लुटाथायोन लावलेल्या बारीक मण्यांना ती घट्ट धरते. १९८८ पासून लॅबमध्ये हा जोड वापरतात. मण्याला जीएसटी, जीएसटीला पीआर-१०, वरून पानाचा अर्क ओतायचा, धुवायचा, आणि काय अडकलं ते पाहायचं. २०१७ च्या जुलैनंतर आमच्या अकाउंट्स विभागात हे बिल तीन महिने अडकलं होतं. 'जीएसटी बीड्स' या मालावर जीएसटी वेगळा का लावलाय, यावर क्लार्क साहेबांचं समाधान होईना.

अडकलेली प्रथिनं ट्रिप्सिन या एन्झाइमने कापायची. ट्रिप्सिन शिस्तीचं, साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल आलं की त्याच्या पुढे कापतं. हे तुकडे मशीनमध्ये बारीक सुईतून विजेच्या दाबाखाली फवारले जातात, थेंब आटतो, भारित तुकडा हवेत सुटतो, आणि मशीन त्याचं वजन करतं. मग त्याचे आणखी तुकडे करून त्यांचंही वजन. या फवाऱ्याच्या पद्धतीसाठी जॉन फेन यांना २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आप्पांना हा भाग एका दमात कळला. "आपल्या इलेक्ट्रोस्टॅटिक ब्लोअरसारखंच की," ते म्हणाले. थेंबाला भार देण्यापुरतं तसंच आहे. पुढे संगणक त्या वजनांची गाठ द्राक्षाच्या माहीत असलेल्या प्रथिनांशी घालतो. द्राक्षाचा जीनोम २००७ मध्ये आला, सुमारे ३० हजार जनुकांचा, पण तो पिनो न्वार जातीच्या वंशातल्या वेलीचा. आमची थॉमसन त्याची लांबची नातलग. एका अमिनो आम्लाचा फरक असला तरी सहसा वजन जुळत नाही आणि तो तुकडा अनोळखी ठरतो.

स्वेटर प्रकरणानंतर मी लॅबमध्ये सुती कपडे, डोक्याला टोपी आणि प्रथिनं वेगळी करायचं जेल ठेवायला वेगळी काच, अशी शिस्त लावली. नमुने मुंबईला न्यायचे ते कोरड्या बर्फात, उणे ७८ अंशांवर. नाशिकमध्ये तो मला मिळाला एका लग्नाच्या इव्हेंटवाल्याकडे. नवरा-नवरीच्या एंट्रीला जो पांढरा धूर सोडतात, तोच हा बर्फ. त्यामुळे माझं वेळापत्रक पंचांगावर चालायचं. तुळशीचं लग्न लागलं की दाट तिथीच्या आठवड्यात बर्फ मिळायचा नाही. मिळाला की थर्माकोलचा डबा, झाकण सैल ठेवलेलं, कारण वायूला वाट नसेल तर डबा फुटतो, आणि सकाळची पंचवटी एक्सप्रेस. इगतपुरीच्या आसपास डब्यातून धूर निघाला की शेजारचे पासधारक पाय वर घ्यायचे. एका काकूंनी विचारलं, "मासे का?" म्हटलं, नाही, द्राक्षाची पानं. त्यांनी कसाऱ्यापर्यंत माझ्याकडे पाहिलंच नाही. नाशिकहून मुंबईला मासे नेणारी बाई त्यांना जास्त पटली असती.

२०१९ चा ऑक्टोबर संपता संपता जो पाऊस लागला, तो नाशिकच्या द्राक्षवाल्यांना वेगळा सांगायला नको. लवकर छाटलेल्या बागा फुलोऱ्यात होत्या, आमचीही. ट्रॅक्टर चिखलात रुतत होता, फवारणी करायला आत जाता येत नव्हतं. घड जिरले, उरले त्यांना डावणी लागली. माझ्या चार वेली आणि बाकीची बाग यांत फरक राहिला नाही. मी पहाटे थर्मास घेऊन गेले तेव्हा आप्पा बांधावर बसले होते. म्हणाले, "घे, यंदा पाहिजे तेवढी घे." मी घेतली. एवढे चांगले रोगट नमुने पुन्हा मिळणार नव्हते, आणि हे माझ्या मनात आलं त्याची लाज वाटत असतानाही मी पानांवर खुणेच्या पट्ट्या लावतच होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये रिपोर्ट आला. केराटिन तळाला, द्राक्ष वर. पीआर-१० सोबत ४६ प्रथिनं. आणि त्यांत सगळ्यात ठळक, निरोगी पानात जेमतेम, रोगट पानात कितीतरी पट: वेलीचं स्वतःचं जीएसटी. एक नव्हे, तीन-चार प्रकारचं. हे एन्झाइम वेलीत विषारी पदार्थांची विल्हेवाट लावतं. म्हणजे रोग आला की पीआर-१० त्याला हाताशी धरतं! तीन वेगळ्या दिवशी केलेल्या तिन्ही प्रयोगांत हेच. मी त्या रात्री गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात सगळ्यांना जेवायला घातलं. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मी घरात बसून त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं, ६० पानांचं.

वाचकांपैकी काहींच्या लक्षात एव्हाना आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये सल्लागार समितीची ऑनलाइन बैठक झाली. त्यात एक ज्येष्ठ बाई होत्या, पूर्ण वेळ कॅमेरा बंद. शेवटी आवाज आला, "नुसत्या जीएसटीचं कंट्रोल रोगट पानावर केलंय का?"

म्हणजे पीआर-१० शिवाय, फक्त शेपटी लावून केलेला तुलनेचा प्रयोग. मी तो केला होता निरोगी पानावर. रोगट पान मोलाचं, मशीनचा प्रत्येक रन पैशाचा, म्हणून एक कंट्रोल वाचवलं होतं.

बाई पुढे एवढंच म्हणाल्या, "मणी कशाचे आहेत?"

ग्लुटाथायोनचे. कृमीचं जीएसटी ज्या मण्यांना चिकटतं, त्यांनाच वेलीचं जीएसटीही चिकटणार. त्याला पीआर-१० ची गरजच नव्हती. आणि रोग आला, ताण आला की वेल जीएसटी वाढवतेच. माझा सगळा शोध म्हणजे मण्यांचा आणि जीएसटीचा जुना घरोबा होता. तीनदा केला म्हणून तीनदा दिसला. मशीन चुकलं नव्हतं. रिपोर्टावर एक टक्का चुकीची मर्यादा लिहिलेली होती आणि ती खरी होती. पण ती मर्यादा ओळखीची. हे प्रथिन जीएसटीच आहे, एवढंच मशीन सांगत होतं. सोयरीक मी जुळवली होती.

दोन दिवस मी फोन घेतले नाहीत. मग ते ६० पानांचं प्रकरण 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं आणि २०१९ ची किती पानं उरलीत ते मोजलं. एका ओळखीच्या लॅबच्या उणे ८० च्या फ्रीजमध्ये अकरा ट्यूब होत्या. लॉकडाउनमध्ये तिथला वॉचमन दररोज तापमानाचा आकडा वहीत लिहीत होता. ती वही मी पाहिली आहे, एक दिवस सुटलेला नाही.

यावेळी दोन शेपट्या घेतल्या. एकदा जीएसटीची, एकदा हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा कड्यांची, जी निकेलच्या मण्यांना धरते. निकेलला चिकटणारे आगंतुक वेगळे, ग्लुटाथायोनचे वेगळे. दोन्हीकडे आलं आणि रोगट पानावरच्या नुसत्या मण्यांवर, नुसत्या शेपटीवर आलं नाही, तेच धरायचं. ४६ ची यादी तीनवर आली. त्या तिघांना यीस्टमध्ये तपासलं. पद्धत जुनी, १९८९ ची: दोन प्रथिनं एकमेकांना भिडली तरच यीस्ट हिस्टिडिन नसलेल्या बशीत वाढतं. दोन बशा कोऱ्या राहिल्या. तिसरीत चौथ्या दिवशी मोहरीएवढ्या पांढऱ्या वसाहती आल्या.

त्या प्रथिनाचं डेटाबेसमधलं नाव काय, तर 'कार्य अज्ञात'. पुढे एक लांबलचक नंबर. सहा वर्षांनी पीआर-१० चा जोडीदार सापडला आणि तो कोण, हे कोणालाच ठाऊक नाही.

२०२२ च्या अखेरीस प्रबंध दिला. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, याचं काम काय असावं? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, बरं, आणि पुढचा प्रश्न विचारला. स्वेटरचा रिपोर्ट मी परिशिष्टात जोडला होता. त्यावर मात्र ते पाच मिनिटं थांबले, कारण त्यांच्या स्वतःच्या पहिल्या नमुन्यात, ते म्हणाले, घरचं मांजर निघालं होतं.

आप्पांनी डिग्रीचा फोटो देवघराशेजारी लावला, आणि मग बऱ्याच दिवसांनी विचारलं, "मग डावणीवर औषध निघालं का?" मी नाही म्हटल्यावर ते मोरचूद भिजवायला निघून गेले.

यंदा छाटणी झाली तसा त्यांचा फोन आला.

"बांधाकडच्या चार वेली फवारू का?"

"दोन फवारा, आप्पा. दोन राहू द्या."