वार्निश नव्हे, रंगच तो

जुनी चित्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. या कामाच्या कागदावर मागणी एका ओळीची होती: जुनं तपकिरी वार्निश काढा. चित्र १९०८ सालचं, कॅनव्हासवरचं फ्रेंच तैलचित्र, फोव्ह वळणाचं, म्हणजे भडक, न मिसळलेल्या रंगांच्या फ्रेंच शैलीतलं. वर झाडी, खाली उन्हातलं गवत. गवताचा बराच भाग मळकट हस्तिदंती झालेला, झाडीतले काही फटकारे तपकिरी. लांबून बघणारा वार्निशच म्हणेल. पण शेजारच्या निळ्या-गुलाबीवर त्याचा मागमूस नव्हता, आणि वार्निश काही रंग निवडून पिवळं पडत नाही.

अतिनील दिव्याखाली जुनं डॅमर वार्निश (झाडाच्या राळेचं) हिरवट धुक्यासारखं सलग चमकतं. इथे चमक होती, पण तुकड्यातुकड्यांत आणि ब्रशच्या फटकाऱ्याबरोबर तुटणारी. ती झिंक व्हाइटची, म्हणजे जस्ताच्या पांढऱ्या रंगाची. त्या काळातले बरेच चित्रकार झिंक व्हाइट सढळ हाताने मिसळत आणि दिव्याखाली ते पिवळट-हिरवं दिसतं. घाईत असलेला माणूस त्यालाच वार्निश समजतो.

मग चौकट काढली, आणि खरं म्हणजे निकाल तिथेच लागला. चौकटीच्या खाचेखाली ६-७ मिमी रुंदीची पट्टी उजेडापासून झाकलेली होती. तिथे तेच गवत, त्याच ब्रशचा तोच फटकारा, पण लिंबासारखं झणझणीत पिवळं. खाचेची कड जिथे संपते तिथेच पिवळं संपत होतं आणि हस्तिदंती सुरू होत होतं. वार्निश असतं तर त्याखाली पिवळं सापडायला हवं होतं. इथे पिवळंच बदललं होतं.

कापसाच्या बोळ्याने चाचणी तरीही केली, कारण मागणी नाकारायची तर पुरावा लागतो. काठाजवळ ३ मिमीच्या खिडक्या घेतल्या. आयसोऑक्टेन या सौम्य द्रावकात आयसोप्रोपिल अल्कोहोल आधी १० टक्के, मग २५, मग ५०. बोळ्यावर फक्त करडी धूळ आली, वार्निशचा पिवळा डाग कुठेच नाही. पाणी आणि थुंकी मात्र मुद्दाम टाळली. आमच्या धंद्यात थुंकी हा पहिला आणि फुकटचा क्लीनर, पण इथे तोच घातक ठरला असता. गवतातलं पिवळं कॅडमियम यलो, म्हणजे कॅडमियम सल्फाइड. उजेड, ओल आणि हवेतला ऑक्सिजन यांनी त्याचं कॅडमियम सल्फेट होतं. ते पांढरं असतं आणि पाण्यात सहज विरघळतं. ओला बोळा फिरवला की ‘मळ’ छान निघतो, आणि त्याच्याबरोबर चित्राचा वरचा थरही.

रंगाचे थर कडेने बघायला, म्हणजे छेदासाठी, काठाजवळच्या जुन्या भेगेतून सुमारे ०.३ मिमीचा कण घेतला, रेझिनमध्ये बसवला, घासून चकाकी आणली. मायक्रोस्कोपखाली तळाशी पांढरा ग्राउंड (रंगाखालचा अस्तराचा थर), त्यावर स्वच्छ पिवळं, आणि सर्वांत वर जेमतेम १५-२० मायक्रॉनचा फिकट थर. मध्ये सरळ रेषा नाही. पिवळं हळूहळू फिकटात विरत गेलेलं. वार्निश असतं तर सीमा स्पष्ट दिसली असती.

एक्स-रे फ्लुरोसन्सने कॅडमियम दाखवलं, पण त्याच्या जोरावर सल्फेट म्हणता येत नाही. हे यंत्र मूलद्रव्य सांगतं, त्याची अवस्था नाही. शिवाय ग्राउंड लेड व्हाइटचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्याचा, असला की शिशाची रेषा गंधकाच्या रेषेवर चढते. म्हणून रेणू ओळखणारी इन्फ्रारेड तपासणी केली: सल्फेटचा पट्टा उघड्या भागात ठळक, खाचेखालच्या कणात नाही. बेरियम सल्फेटही तिथेच दिसतं, पण बेरियम एक्स-रे फ्लुरोसन्समध्ये आढळलं नव्हतं.

हा काही एकट्या चित्राचा रोग नाही. फ्रेंच चित्रकार मातीसच्या १९०५-०६ च्या ‘जीवनानंद’मध्ये, जे फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशनमध्ये आहे, मधल्या पहुडलेल्या आकृत्यांखालचं पिवळं असंच हस्तिदंती झालंय. बार्न्सने अनेक दशकं रंगीत छायाचित्रं छापू दिली नाहीत, त्यामुळे जुना रंग पडताळायला छापील पुरावाही जवळजवळ नाही. नॉर्वेच्या मुंकच्या १९१० च्या सुमाराच्या ‘किंकाळी’त आकाशातलं पिवळं फिकट पडलंय. त्यावरचा २०२० चा अभ्यास सांगतो की तिथे मुख्य दोष उजेडाचा नसून ओलीचा. रंग बनवताना त्यात राहून गेलेले क्लोराइड ओल लागली की बिघाडाला हात देतात. त्या काळी द्रावणातून साका पाडून केलेल्या कॅडमियमचे कण फार बारीक आणि अर्धवट स्फटिक असत, म्हणून ते लवकर बिघडत. सगळंच कॅडमियम असं बिघडत नाही. एकाच चित्रात एका ट्यूबचं टिकतं, दुसरीचं जातं.

झाडीतल्या तपकिरीचं गणित अधिक किचकट. तिथे तेलाचंही विघटन मिसळलेलं असतं.

मालकांना मूळ पिवळं परत हवं होतं, निदान वरून हलकं ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ हात, तरी. मी नकार दिला. बिघडलेला थर भुसभुशीत, त्यात ग्लेझ मुरतं आणि पुन्हा निघत नाही. वार्निशही त्याच कारणासाठी नाही. केलं ते एवढंच: मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली, सुटू पाहणारे पापुद्रे पातळ स्टर्जन ग्लूने (माशापासून केलेल्या डिंकाने) बसवले, तेही फक्त निळ्या भागात, कारण त्या ग्लूत पाणी असतं. बोळे आणि धूळ कॅडमियमचा कचरा म्हणून वेगळ्या बंद डब्यात. मागे बॅकबोर्ड, पुढे अतिनील गाळणारं अ‍ॅक्रिलिक, आत ओल ठरावीक पातळीवर ठेवणारी, कंडिशन केलेली सिलिका जेल. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या वर नको, उजेड ५० लक्सवर. रंगाची भूक भागवायला खाचेखालच्या पट्टीचं मोजमाप घेऊन मूळ चित्राचा अंदाज संगणकावर तयार केला. तो भिंतीवर शेजारी लावायला हरकत नाही, चित्रावर नाही. चौकट बदलायची तर नव्या खाचेने ती पट्टी आहे तेवढीच झाकायची, ही अट अहवालात ठळक अक्षरांत घातली.