तुम्ही विचारलंत म्हणून: ओढणारी गाडी मागची बॅटरी भरते का?

मेलबर्नमध्ये ओळखीतल्या कोणी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, घेतली की मला हमखास विचारले जाते, "दिवसभर गाडी चालवली तर मागची बॅटरी आपोआप चार्ज होणारच ना?" चार्ज होते, पण पूर्ण भरेलच असे नाही, आणि ही उणीव प्रवासात कळत नाही, मुक्कामाला कळते.

आम्ही जानेवारीत मिल्ड्युराला गेलो होतो. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास झाल्यामुळे कॅरॅव्हॅनमधली १०० अँपिअर-तासांची एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड प्रकारची) बॅटरी भरलेली असणार असे धरून मरे नदीच्या काठी, वीजजोडणी नसलेल्या जागी आम्ही मुक्काम केला. दुसऱ्या पहाटे फ्रिज बंद पडला. दूध नासले, आणि त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे फ्रिजमध्ये सासूबाईंचे इन्सुलिन होते. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या आजोबांनी ते आपल्या फ्रिजमध्ये ठेवून घेतले, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

त्याच सकाळी इंजिन चालू ठेवून मी मल्टिमीटर लावला. बॉनेटखालच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट होते, तर मागच्या बॅटरीवर जेमतेम १३. एजीएम पूर्ण भरायला साधारण १४.४ ते १४.७ व्होल्ट लागतात. मधला सव्वा व्होल्ट वायरने खाल्ला होता. इथल्या दुकानात '६ मिलिमीटर' म्हणून मिळणाऱ्या ऑटो केबलमधले ६ मिलिमीटर म्हणजे आवरणासकट बाहेरची जाडी. आतल्या तांब्याचे क्षेत्रफळ साधारण ४.६ चौरस मिलिमीटरच असते. पुढून मागे आठ मीटर आणि परतीचे आठ, अशा सोळा मीटरांतून २० अँपिअर वाहिले की सुमारे १.२ व्होल्टची घट होते. बॅटरी भरत जाते तसा प्रवाह कमी होतो आणि घटही कमी होते हे खरे, पण तोवर मुक्कामाचे ठिकाण आलेले असते. त्याच अंतरासाठी ६ बी अँड एस मापाची, म्हणजे साधारण साडेतेरा चौरस मिलिमीटरची केबल वापरली तर घट ०.४ व्होल्टवर येते.

जाड केबलने माझे भागले असते, परंतु आजच्या बहुतेक गाड्यांत तेवढ्याने भागत नाही, कारण त्यांचा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: डीसी-डीसी चार्जर बसवाच, आणि तो गाडीत नव्हे, तर कॅरॅव्हॅनच्या बॅटरीजवळ बसवा. येणारे व्होल्टेज कमी असले तरी तो ते बॅटरीच्या जातीनुसार वाढवून देतो. लिथियम बॅटरीसाठी तर तो मी अत्यावश्यक मानतो, कारण ती थेट जोडल्यास इतका प्रवाह ओढू शकते की इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो.

चार्जर आला म्हणून केबल बारीक घेता येत नाही, उलट जाडच लागते. २५ अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टने ३६० वॅट देतो. त्यासाठी त्याच्यापाशी १२ व्होल्ट पोहोचत असतील, तर वाया जाणारी ऊर्जा धरून तो गाडीकडून ३३ अँपिअरच्या आसपास ओढतो. या केबलला दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवाच. एकाच टोकाला असेल तर केबल कुठे घासून उघडी पडल्यास दुसऱ्या टोकाची बॅटरी तिला पेटवू शकते.

आता पहिल्या थांब्यावर उतरलो की मी टोबारजवळचा, म्हणजे कॅरॅव्हॅन अडकवतात त्या दांड्याजवळचा, अँडरसन प्लग हातात धरून पाहतो; गाडीची आणि कॅरॅव्हॅनची केबल तिथेच जोडली जाते. कोमट लागला तर चालते. चटका बसला तर आतले क्रिम्प (वायरवर दाबून बसवलेला जोड) सैल झालेले असते किंवा संपर्कावर धूळ बसलेली असते, आणि ते नीट केल्याशिवाय मी पुढे निघत नाही.